बांधावरची रोपं दर उन्हाळ्यात जातात? नांग्या भरण्याआधी हे तपासा

दिवाळीला रोप हिरवंगार, संक्रांतीला मलूल आणि होळीला नुसती काडी. मग पुढच्या मृगात त्याच खड्ड्यात नवीन रोप लावायचं, म्हणजे नांग्या भरायच्या, आणि पुन्हा तेच बघायचं. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या दुष्काळी पट्ट्यात बांधांवर आणि पडीक कोपऱ्यांवर झाडं लावताना हा प्रकार इतक्या शेतांत पाहिला आहे की आता मी आधी मागच्या वर्षीची मेलेली रोपं बघायला मागतो, नवीन खड्ड्यांची गोष्ट नंतर.

आपल्या बांधांवर बाभूळ, हिवर, निंब, बोर होती. बैल गेले तशी औताच्या लाकडाची गरज गेली, ट्रॅक्टरला आडवी येतात म्हणून झाडं निघाली आणि दोन्ही बाजूंनी कोरून बांधही अरुंद झाला. ती झाडं परत यावीत म्हणून लोक मनापासून लावतात. रोपं मिळणंही आता अवघड राहिलेलं नाही. २०१६ साली राज्याने दोन कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, २०१९ साली ते ३३ कोटींवर गेलं. अडतं ते पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि कोणालाही विचारा, "पाणी कमी पडलं" हेच उत्तर येतं. कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा पाणी घातलेलं असतं आणि रोप ते घेऊ शकत नसतं. कारण मुळाशी असतं, म्हणून मेलेलं रोप मुळासकट काढून बघितल्याशिवाय त्या खड्ड्यात दुसरं लावू नका.

आधी लक्षणं

तुमच्या रोपांत यातलं काय दिसतं ते ओळखा.

- खड्ड्यात ओल असूनही श्रावण-भाद्रपदात पानं पिवळी पडतात, रोप मान टाकतं.
- शेंडा वाळतो आणि वाळणं खाली उतरत येतं, पण बुंध्याची साल आतून हिरवी असते.
- रोप धरून हलवलं की अलगद हातात येतं.
- शेंडा खुडलेला किंवा बुंध्याची साल सोललेली असते.
- पानं पिळवटलेली, अरुंद, वेडीवाकडी येतात.
- रोप मरत नाही, पण दोन-दोन वर्षं गुडघ्याच्या वर जात नाही.
- नवी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या.
- बांधाच्या एकाच टप्प्यातली रोपं जातात, बाकीची बरी असतात.

शेवटचं लक्षण सगळ्यात उपयोगाचं. सगळीकडची रोपं सारखीच मेली असतील तर दोष बहुधा रोपांचा, लागवडीचा किंवा पाणी घालण्याच्या पद्धतीचा. एकाच पट्ट्यातली मेली असतील तर तिथली माती, शेजारची फवारणी, आग किंवा जनावरांची वाट बघायची.

१. रोप खरंच मेलंय का?

नखाने साल खरवडून बघा. शेंड्याकडून सुरुवात करून खाली या. आतला पापुद्रा हिरवा, ओलसर लागला की तिथपर्यंत जीव आहे. पळस, शिवण, सीताफळ, आपटा ही पानं झाडणारी झाडं आहेत, त्यामुळे फाल्गुन-चैत्रात ती उघडी दिसली म्हणजे मेली असं नाही. उपटून टाकलेल्या "वाळक्या" रोपांत जिवंत मुळाची रोपं मी भरपूर पाहिली आहेत, आणि ते बघून फार वाईट वाटतं. त्या रोपाने वर्षभर जमिनीत मूळ रोवण्याचं काम केलेलं असतं, आणि नवीन रोपाला ते सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

बुंधा जिवंत असेल तर उन्हाळ्यात फक्त ओल टिकवा. वळवाचा पाऊस पडला की जमिनीपासून चार बोटं ठेवून धारदार कात्रीने वाळलेला भाग छाटा. निंब, करंज, आपटा, शिसव खालून फुटतात. फुटव्यांतला जोमदार एक ठेवून बाकीचे काढा. पैसे लागत नाहीत, म्हणून ही तपासणी पहिली.

२. मेलेलं रोप खणून मुळं बघा

ओढून काढू नका, कारण पुरावा मातीतच राहतो. कुदळीने बाजूने फूटभर खणा आणि हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, अख्खी बाहेर काढा. मग पाण्यात बुडवून माती हळूहळू धुवा. आता जे दिसेल त्यावर पुढचं सगळं ठरतं.

*पिशवी तशीच आहे.* नुसती खाली भोकं पाडून किंवा तळ फाडून लावलेली रोपं अजूनही सापडतात, विशेषतः एका दिवसात खूप रोपं लावायची असतील तेव्हा.

*पिशवी नाही, पण मुळं पिशवीच्याच आकारात गोल फिरलेली आहेत.* दुष्काळी भागात रोपं जाण्याचं हे माझ्या मते सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी ओळखलं जाणारं कारण आहे. रोपवाटिकेत रोप वर्ष-दीड वर्ष लहान पिशवीत राहिलं की सोटमूळ तळाला टेकून वळतं आणि तिथेच फिरत राहतं. जमिनीत लावल्यावरही ते सरळ होत नाही. पावसाळ्यात वरची ओल मिळते म्हणून रोप हिरवं राहतं. मार्गशीर्ष-पौषात वरची फूटभर माती कोरडी पडते, ओल खाली जाते आणि मूळ तिच्या मागे जाऊ शकत नाही. असं रोप तुम्ही आणलेल्या पाण्यावरच जगतं. एखादा आठवडा टँकर चुकला की गेलं.

उपाय लागवडीच्या दिवशीच करायचा. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. हुंडीच्या तळाची बोटभर जाडी, म्हणजे गुंडाळलेल्या मुळांचा वेटोळा, सरळ कापून टाका. हुंडीच्या बाजूंवर दोन-तीन ठिकाणी उभे उथळ काप द्या. मुळं कापायला हात धजत नाही हे मला माहीत आहे, पण कापलेल्या टोकातून नवी मुळी सरळ खाली जाते. आणि रोप निवडताना उंचीला भुलू नका. लहान पिशवीतल्या चार फुटी रोपापेक्षा दीड-दोन फुटी, पेन्सिलीएवढ्या जाड बुंध्याचं रोप कधीही बरं.

*मुळं काळी, मऊ, कुबट वासाची.* पाणी साचून कुजली आहेत. तपासणी ७ बघा.

*मुळं कुरतडलेली, किंवा बुंध्यावर मातीचे पापुद्रे.* तपासणी ८.

*मुळं चांगली, पांढरी मुळी भरपूर.* मग दोष जमिनीच्या वर आहे. पुढच्या दोन तपासण्या करा.

मुळांचा विषय निघालाच आहे तर बांधावर आपोआप काय उगवलंय तेही बघा. जुन्या बोरी-बाभळीखाली, तारेच्या कुंपणाखाली, पक्षी बसतात तिथे निंबाची रोपं उगवतात. तोडलेल्या हिवराच्या, पळसाच्या, आपट्याच्या बुडख्यांतून दर पावसाळ्यात फुटवे येतात. आपण ते काडीकचरा समजून दरवर्षी छाटतो किंवा पेटवतो. यांचं मूळ कुठल्याही पिशवीत अडकलेलं नसतं, ते आधीच खाली गेलेलं असतं. आफ्रिकेतल्या नायजर देशात १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञांनी शेतकऱ्यांबरोबर नेमकं हेच केलं. लावलेली रोपं मरत होती, म्हणून त्यांनी शेतातल्या जिवंत बुडख्यांचे फुटवे राखायला सुरुवात केली. तिथे अशा रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. आपल्या बांधावर असा एक फुटवा दिसला तर त्याच्या शेजारी खड्डा खणू नका. एक-दोन सरळ फुटवे ठेवा, बाकीचे छाटा आणि दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड ठेवा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसेल.

३. तोंड कोणी लावलं?

शेंडा ओढून तोडल्यासारखा, दोरे निघालेला असेल तर शेळी-मेंढी किंवा गुरं. वीतभर उंचीवर सुरीने तिरका काप दिल्यासारखं स्वच्छ तुटलं असेल तर ससा. दोन्हींना उपाय एकच: बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या रोपाभोवती रोवा. नुसत्या टेकवल्या तर वाऱ्याने सरकतात, म्हणून बुडखे मातीत गाडा. सशासाठी फांद्या जमिनीलगत दाट हव्यात.

रब्बीची ज्वारी निघाली की रानं मोकळी होतात आणि मेंढरं फिरतात. शेतात मेंढरं बसवणाऱ्या धनगर बांधवांशी आधीच बोला. कोणत्या बांधावर रोपं आहेत ते सोबत जाऊन दाखवा. सांगितल्यावर ते कळप दुसऱ्या बाजूने नेतात, असा माझा अनुभव आहे. हिवरे बाजारसारख्या गावाने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही पाळली, तेव्हा डोंगर हिरवा झाला. एकट्याच्या बांधाला तेवढं शक्य नसतं, पण वाडीतल्या चार घरांनी मिळून फाल्गुन ते ज्येष्ठ एवढं तरी ठरवावं.

४. गवत आणि तणनाशक

रोपाच्या बुडाशी हराळी किंवा कुंदा असेल तर तुम्ही घातलेलं पाणी आधी गवत पितं. दीड फूट त्रिज्येचं आळं खुरप्याने स्वच्छ ठेवा. पावसाळ्यात दोनदा आणि दिवाळीनंतर एकदा खुरपणी पुरते. वाढ खुंटलेल्या रोपांत मी हेच आधी करतो.

पानं पिळवटलेली, दोरीसारखी अरुंद दिसली तर शेजारी विचारा, उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं का? ते वाऱ्याबरोबर वाहत येतं आणि रुंद पानांच्या रोपांना भोवतं. बांधावरचं गवत मारायला ग्लायफोसेट वापरलं असेल तर नवी पालवी बारीक, फिकट आणि झुबक्याने येते. हलका फटका बसलेली रोपं पुढच्या पालवीत सावरतात, त्यांना पाणी द्या आणि थांबा. शेजाऱ्याशी भांडू नका. वारा पडलेला असताना, सकाळी फवारा एवढी विनंती करा, आणि बांधापासून दोन ओळी हाताने खुरपून घेता येतील का ते विचारा.

आगीचं लक्षण ओळखायला सोपं आहे: बुंधा एकाच बाजूने काळा किंवा फुटलेला. पाचट पेटवण्याआधी बांधालगत चार फूट पट्टा मोकळा करा. न पेटवता ते पाचट रोपांना आच्छादन म्हणून वापरलं तर दोन्ही कामं होतात.

५. पाणी किती यापेक्षा कसं

पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी आळ्याच्या कडेला हातभर खणा. वरची चार बोटं ओली आणि खाली कोरडं असेल तर पाणी मुळापर्यंत जातच नाही. रोज २ लिटर म्हणजे आठवड्याला १४ लिटर. तेच १४ लिटर आठवड्यातून एकाच दिवशी, दोन वेळा अर्धं-अर्धं जिरवून दिलं तर ओल फूटभर खाली जाते आणि मूळ तिच्या मागे जातं. रोजच्या शिंपणीने मुळं वरच राहतात आणि वरचं पाणी ऊन घेऊन जातं. पाणी तेवढंच लागतं, फक्त पद्धत बदलते.

पाणी लांबून आणावं लागत असेल तर रोपापासून वीतभर अंतरावर भाजलेल्या मातीचं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकणी ठेवा. विहिरीचं पाणी खारं असेल तर मडक्याची छिद्रं बुजतात. महिन्या-दोन महिन्यांनी काढून घासावं लागतं.

काळ्या रानात आणखी एक गोष्ट. माघापासून भेगा पडतात. भेग रोपाजवळून गेली की मुळं तुटतात आणि उरलेल्यांना गरम हवा लागते. असं रोप पाणी घालूनही वाळतं, कारण पाणी भेगेतून सरळ निघून जातं. भेगा भुसभुशीत मातीने बुजवा, आळं हलवून घ्या आणि वर चार बोटं जाड आच्छादन द्या. आच्छादन बुंध्याला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

६. लागवड केव्हा केली?

दुष्काळी पट्ट्यात मृगाच्या पहिल्या सरीला लावलेली रोपं पुनर्वसू-पुष्याच्या उघडिपीत जातात. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा, भर असतो तो सप्टेंबरमध्ये. उघडिपीत घालायला हाताशी पाणी असेल तर जूनमध्ये लावा. नसेल तर खड्डे उन्हाळ्यात घेऊन ठेवा, रोपं सावलीत सांभाळा आणि ऑगस्ट अखेरीस, पूर्वा लागताना चांगली ओल झाल्यावर लावा. वाढीचे दोन महिने जातात हे खरं, पण रोप उघडिपीतून वाचतं. कोकणात किंवा मावळात हा सल्ला चालणार नाही, तिथे जूनच बरा.

७. खड्डा आणि माती

इथून पुढे मेहनत आणि खर्च वाढतो. आधीच्या तपासण्या झाल्याशिवाय इकडे येऊ नका.

खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर पावसाळ्यात तिथे रोप बुडणार. भारी काळ्या जमिनीत ओलीवर यंत्राने घेतलेल्या खड्ड्याच्या भिंती चकचकीत, गुळगुळीत होतात. पाणी आत थांबतं आणि मुळंही बाहेर पडत नाहीत. पहारेने भिंती खरवडा, तळ फोडा आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच, उंचवट्यावर लावा. मुरमाड जागी उलट करायचं. दीड ते दोन फूट खोल खड्डा घ्या, तळाचा मुरूम पहारेने आणखी फोडा आणि खड्ड्याच्या उताराकडे अर्धचंद्राकृती मातीचा बांध घाला, म्हणजे वाहतं पाणी अडेल.

नव्या पानांत पिवळेपणा आणि हिरव्या शिरा हे चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याचं लक्षण. फूटभर खाली पांढरे खडे दिसतात का बघा. तिथे बोर, निंब, बाभूळ टिकतात. सागाचा हट्ट धरू नका. सागाला खोल, निचऱ्याची जमीन लागते आणि आपल्या बांधांवर ती क्वचित मिळते.

८. उधई आणि हुमणी

बुंध्यावर मातीचे पापुद्रे दिसले की सगळे उधईला, म्हणजे वाळवीला, दोष देतात. पण उधई बहुतेक वेळा आधीच कमजोर झालेल्या किंवा वाळलेल्या रोपावर चढते. शेजारचं जिवंत रोप खणून बघा. त्याच्या हिरव्या सालीखालीही उधई असेल तरच ती कारण आहे. खड्ड्यात अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं असेल तर तेच तिला बोलावतं, आणि हुमणीलाही. खत पूर्ण कुजलेलंच वापरा, सोबत पाव किलो निंबोळी पेंड द्या.

हुमणीची अळी पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते आणि मुळं खाते. म्हणून रोप अलगद हातात येतं. तिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर अंधार पडताच निंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. हे एकट्याने केलं तर फार उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायला हवं. "निंबामुळे हुमणी येते" म्हणून निंब तोडणारे भेटतात. कृपया तोडू नका. भुंगेरे एका जागी सापडण्याची तीच एक सोय आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

जमिनीवर पांढरा थर येतो, ओली माती साबणासारखी बुळबुळीत लागते, वाळली की दगड होते: ही क्षारपड किंवा चोपण जमीन. अंदाजाने जिप्सम टाकू नका. माती परीक्षण करून घ्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर आला तर जिप्समचं प्रमाण आणि निचऱ्याची चर कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवा. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात हा प्रश्न एका शेतापुरता नसतो. पाण्याची पातळीच वर आलेली असते, तिथे एकट्याच्या खड्ड्याने काही होत नाही.

उधई किंवा हुमणीसाठी रासायनिक औषध वापरायची वेळ आली तर नाव आणि प्रमाण सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) घ्या, दुकानदाराकडून नको. परवानगी असलेली औषधं बदलत असतात.

रोपांबरोबर जवळची मोठी झाडंही शेंड्याकडून वाळू लागली तर तो रोग असू शकतो. तेलंगणात काही वर्षांपूर्वी निंबाचे शेंडे असेच जळल्यासारखे वाळले होते. झाड तोडू नका, वाळक्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवरची फांदी कापून कृषी विद्यापीठाच्या किंवा केंद्राच्या वनस्पती रोग तज्ज्ञाला दाखवा.

बांध सामाईक असेल आणि शेजारी सावलीवरून हरकत घेत असेल तर झाड लावण्याआधी मोजणी करून घ्या. हद्दीचा वाद चालू असताना लावलेलं रोप कोणीही उपटतं. उतारावर जेसीबीने चर काढायचे असतील तर आधी सामाजिक वनीकरण किंवा जलसंधारणाच्या माणसाकडून समतल रेषा आखून घ्या. रेषा चुकली तर पाणी एका जागी गोळा होऊन बांधच फोडतं.

तपासणीला जाताना चार गोष्टी न्या: खड्ड्याशेजारची वरच्या फूटभराची आणि त्याखालच्या फुटाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत, ज्या विहिरीचं पाणी घालता तिचं एक बाटली पाणी, आणि एक मेलेलं व एक आजारी रोप, दोन्ही न धुतलेल्या हुंडीसह. पिशव्यांवर बांधाची बाजू आणि लागवडीचा महिना लिहून ठेवा.